सभ्य भांडणाचा ठराव

स्नेहवर्धिनी कॉलनीची सभा झाली की दुसऱ्या दिवशी खुर्च्या मोजाव्या लागत. तळोद्याच्या टोकाला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही कॉलनी. नाव ठेवणाऱ्याने मोठ्या आशेने ठेवलं असणार. लोकही मनाने वाईट नव्हते. कुणाच्या घरी दुखणं आलं की डबे जायचे, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं की सगळे पंगतीत वाढायला उभे राहायचे. पण त्याच माणसांना मोकळ्या प्लॉटवरच्या पत्र्याच्या शेडखाली बसवून ‘विषय क्रमांक एक’ एवढं म्हटलं, की संपलं.

त्या वर्षी विषय क्रमांक एक होता गतिरोधक. मोलगीकडे जाणाऱ्या जीपवाल्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की कॉलनीतून आडवं घुसलं की बाजारातली गर्दी चुकते. मग बाजाराच्या दिवशी टपावर माणसं, मागच्या शिडीला माणसं, मधल्या फटीत कोंबड्या, अशा जीपा कॉलनीतून सुसाट निघायच्या. गतिरोधक हवा, याबद्दल दुमत नव्हतं. तो दुसऱ्याच्या दारासमोर हवा, याबद्दलही दुमत नव्हतं.

या सभांचे कायमचे अध्यक्ष शांतीलाल सर. हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, मूळचे तापीकाठच्या प्रकाशाचे. अध्यक्ष व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे कारण सगळ्यांना माहीत होतं. सरांना मात्र वाटायचं, आपल्या शब्दाला वजन आहे म्हणून. गतिरोधकाच्या सभेत हा गैरसमज दूर झाला. सर ‘शांतता, शांतता’ म्हणत उभे राहिले तेव्हा किराणा दुकानवाला हेमराज त्यांना म्हणाला, “सर, तुम्ही मधमा बोलू नका, आठे भांडन चालू शे.” आणि कुणाचा तरी हात लागून पाण्याचा जग सरांच्या मांडीवर लवंडला. तशा ओल्या पँटीने भर दुपारी घरापर्यंत चालत जाणं, ज्याने हायस्कुलात भल्याभल्यांना अंगठे धरायला लावले त्या माणसाला, सोपं नव्हतं.

पँट दोरीवर वाळत असताना सरांना कल्पना सुचली.

“पार्वती, भांडण वाईट नसतं,” ते बायकोला म्हणाले. “भांडणात शिरण्याची आपली पद्धत वाईट आहे. अहिराणीत विरोध करायचा म्हटलं की सुरुवात समोरच्याच्या आईपासून होते. मराठीत ‘माफ करा, पण’ म्हटलं की लोकांना वाटतं, वर्गणी मागायला आला. इंग्रज माणूस बघ. तो आधी पायपुसण्याला पाय पुसतो, मग आत शिरतो. विथ ड्यू रिस्पेक्ट. आय बेग टू डिफर. आय सी युवर पॉइंट, बट.”

पार्वतीबाई दादर ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप न थांबवता विचारलं, “असाच पाय पुसून आत शिरला होता ना तो? मग दीडशे वर्षं उठला नाही.”

सरांनी हा शेरा इतिहास म्हणून सोडून दिला. निवृत्तीनंतर त्यांना इंग्रजीचं कुणी काही विचारत नसे. फार तर औषधाच्या बाटलीवरचं वाचायला लोक येत, आणि तेही चष्मा घरी विसरला म्हणून. अशा माणसाच्या हाती असं कार्य लागलं की तो बायकोचं ऐकत नसतो.

पुढच्याच रविवारी शेडखाली वर्ग भरला. सभ्य विरोधाचा वर्ग. यायचं नव्हतं त्यांनाही यावं लागलं, कारण सेक्रेटरी गोपालने वर्गानंतर भजी जाहीर केली होती. गोपाल बँकेत होता, मोबाइल हातातून खाली ठेवत नसे, आणि सरांचा तो विद्यार्थी. पहिल्या रांगेत सरांचा शेजारी रूपचंद.

रूपचंदबद्दल सांगितलंच पाहिजे. तो एसटीत वाहतूक नियंत्रक होता. स्टँडवरचा भोंगा बिघडला तर तो दुरुस्त करायची घाई कुणी करत नसे, रूपचंद नुसता खिडकीतून ओरडला की धडगावच्या गाडीची माणसं रसवंतीतून उठून यायची. निवृत्त झाल्यावर नोकरी गेली, आवाज राहिला. त्याची म्हातारी आई दगूबाई हिला मोठ्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नसे, त्यामुळे घरीही तो आवाज कधी खाली आला नाही. त्याची आणि सरांची भिंत एक. रोज सकाळी भिंतीच्या अलीकडे सरांचा चहा, पलीकडे रूपचंदचा चहा, आणि वरून वाद. कोणत्या पुरात मोलगीची गाडी कुठून परत फिरली, तोरणमाळच्या घाटात वळणं किती, कापसाला भाव दसऱ्याआधी चांगला की नंतर. यातल्या एकाही वादाचा निकाल आजवर लागलेला नव्हता, आणि निकाल लागू नये याची दोघंही काळजी घेत.

“आय बेग टू डिफर,” सरांनी फळ्यावर लिहून वाचलं. “म्हणजे, माझं मत थोडं वेगळं आहे.”

गोपालने मोबाइलमध्ये पाहिलं. “सर, बेग म्हणजे भीक मागणे दाखवतंय.”

रूपचंद उभा राहिला. “भीक? मन्हा दारसे गतिरोधक नको, आनि वर मीच भीक मांगू?”

“तसा अर्थ नाही रे. बोलायची रीत आहे. बरं, ते राहू दे, दुसरं घे. आय ॲम अफ्रेड आय कान्ट ॲग्री.”

“अफ्रेड म्हंजे?”

सरांनी घसा साफ केला. “शब्दशः घाबरणे. पण इथे—”

“मास्तर, जत्रानी गर्दीमा दारू पेल मानूसले कॉलर धरीसन मी गाडीमाईन उतारेल शे. मी कोन्हा बापले भ्यात नही. आनि तू माले, हेमराजले घाबरस असं म्हनाले लावस?”

“घाबर ना थोडा,” हेमराज मागून म्हणाला. सरांच्या सभ्य विरोधाच्या वर्गातली पहिली खुर्ची इथे मोडली.

पण सर चिकाटीचे. त्यांनी ही वाक्यं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहावीत म्हणून शेडला फ्लेक्स लावायचं ठरवलं, आणि ते काम गोपालवर सोपवलं. ही चूक होती. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात दोनच नमुने तयार होते, एक वाढदिवसाचा आणि एक निवडणुकीचा. वाढदिवस कुणाचाच नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या तोंडाशी शेडवर, मागे उगवता सूर्य आणि पुढे हात जोडलेले शांतीलाल सर, आणि खाली मोठ्या तांबड्या अक्षरांत ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’, त्याखाली बारीक अक्षरांत बाकीची वाक्यं, असं सर्व गावाने वाचलं. संध्याकाळी वॉर्डातून उभा राहू इच्छिणारा एक गृहस्थ शाल-नारळ घेऊन घरी आला आणि सरांच्या पायांना हात लावून म्हणाला, “सर, तुमच्यापुढे आम्ही कोण? पण यंदा माघार घ्या.” कशातून माघार घ्यायची हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी नारळ मात्र ठेवून घेतला. प्रकाशाहून चुलतभावाचा फोन आला, की एवढं मोठं पाऊल उचलताना घरच्यांना विचारायची पद्धत आता राहिली नाही का?

मग पालिकेचा माणूस आला. फ्लेक्सला परवानगी कुठाय? सर रीतसर अर्ज करायला गेले. अर्जात जाहिरातीचा प्रकार विचारला होता: वाढदिवस, श्रद्धांजली, सण, अभिनंदन. सभ्य विरोधाला रकाना नव्हता. खिडकीतल्या बाईंनी बराच विचार करून विचारलं, “कुणी वारलंय का?” सर म्हणाले, “अजून नाही.” शेवटी त्यांनी ‘सण’वर खूण केली.

एवढी उस्तवार झाल्यावर सभा भरली. सरांनी आधी नियम मंजूर करून घेतला: यापुढे विरोध करणाऱ्याने आधी फ्लेक्सवरचं एक वाक्य म्हणायचं. वाक्याशिवाय केलेला विरोध धरला जाणार नाही.

आणि काय सांगावं, शेडखाली चक्क शांतता पसरली. कुणाच्या तोंडात शब्द आला की तो फ्लेक्सकडे बघायचा, ओठ हलवायचा, एवढ्यात विषय पुढे गेलेला असायचा. गोपालने सुचवलं, गतिरोधक कॉलनीच्या मध्यावर, म्हणजे रूपचंदकाकांच्या दारासमोर करावा.

“नही!” रूपचंद ताडकन उठला. “मन्हा दारसे—”

सरांनी टेबलावरची घंटी वाजवली. “रूपचंदभाऊ, आधी वाक्य.”

“अरे, मन्ही माय वट्टावर झोपस—”

“आधी वाक्य. नियम सगळ्यांना सारखा.”

रूपचंदने फ्लेक्सकडे पाहिलं. तिथे हात जोडलेला त्याचा मित्र हसत होता. रूपचंदचे ओठ हलले. “आय बे... आय बे...” लोक वाट बघत होते. हेमराजच्या चेहऱ्यावर हसू फुटायला आलं होतं. ज्याच्या आवाजाने धडगावची गाडी भरायची, तो माणूस तसाच तोंड उघडं ठेवून क्षणभर उभा राहिला, आणि मग खाली बसला.

सरांनी वहीत लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’ घरी येऊन ते पार्वतीबाईंना म्हणाले, “एकही खुर्ची मोडली नाही आज.” त्या रात्री त्यांना इतकी शांत झोप लागली, की सकाळी भिंतीपलीकडून हाक आली नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

गतिरोधक गोपालच्या वरच्या खोलीच्या उरलेल्या सिमेंटचा झाला. सिमेंट बरंच उरलेलं होतं आणि गवंड्याला परत न्यायचा कंटाळा होता, म्हणून सगळं तिथेच ओतलं गेलं. झालं ते काम गतिरोधक कमी आणि सातपुड्यातून चुकून खाली उतरलेली टेकडी जास्त दिसत होतं. जीप त्यावर चढायची, वर क्षणभर विचार करायची, आणि मग धाडकन पलीकडे पडायची.

दोन-तीन दिवसांनी सर भिंतीपाशी चहा घेऊन उभे राहिले. रूपचंद झाडांना पाणी घालत होता.

“गुड मॉर्निंग, सर,” तो म्हणाला.

सरांना आधी गंमत वाटली. मग बरंही वाटलं. विद्यार्थी तयार होतोय. ते म्हणाले, “काय रूपचंद, आज आवाज नाही तुझा?”

“तुमले त्रास नको व्हवाले, सर.”

तुमले! कालपरवापर्यंत ‘ओ मास्तर, मरना का रे झोपीसन?’ अशी हाक मारणारा माणूस. सरांना चहा गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम गळ टाकला. म्हणाले, “मला आठवतंय त्याप्रमाणे, अस्तंब्याच्या यात्रेला एसटीने कधी जादा गाड्या सोडल्याच नाहीत.”

हे वाक्य एरवी रूपचंदच्या कानावर पडलं असतं तर तो भिंतीवरून उडी मारून आला असता. कारण त्या जादा गाड्या सोडायला तो स्वतः उभा असायचा, उपाशी, घरची दिवाळी सोडून.

रूपचंदने नळ बंद केला. “आय सी युवर पॉइंट, सर,” म्हणाला आणि आत गेला.

त्याने सगळी वाक्यं पाठ केली होती. एकही चुकत नव्हतं. सरांच्या अख्ख्या नोकरीत इतकं बिनचूक पाठांतर कुणी केलं नव्हतं, आणि कुणाचं पाठांतर ऐकून ते चहा तसाच टाकून आतही कधी गेले नव्हते.

इकडे कॉलनीत ती वाक्यं सुटली होती. सभेपुरती होती, ती सभेबाहेर पडली. शिवी दिली तर उलट शिवी येते, पण ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ म्हटलं की समोरच्याला काय उत्तर द्यावं कळत नाही, हा शोध बायकांना आधी लागला. वांगी किडकी निघाली: विथ ड्यू रिस्पेक्ट. पाण्याची मोटर कुणी जास्त वेळ चालवली: विथ ड्यू रिस्पेक्ट. गोपालची बायको रिना सासूला आमटीच्या मिठावरून ‘आय सी युवर पॉइंट, बट’ म्हणाली आणि सासू मिळेल त्या एसटीने शहाद्याला लेकीकडे निघून गेली. ‘बट’पुढे रिना काहीच बोलली नव्हती. सासूचं म्हणणं, तेच जास्त लागलं.

मग एका दुपारी सरांना पोलीस चौकीतून बोलावणं आलं.

चौकीत हेमराज आणि गोपाल एकमेकांकडे पाठ करून बसले होते. टेबलामागे हवालदार दिलवरसिंग. हा काठी गावचा, डोंगरातला माणूस, बोलायला सावकाश. तो म्हणाला, “सर, बरं झालं आलात. हेमराजशेठची तक्रार आहे, की गोपालभाऊ त्यांना इंग्रजीतून घाण बोलले. शब्द काय ते मला लिहावं लागतं.”

“लिखा,” हेमराज म्हणाला. “आय बेग टू डिफर. मन्हा जवाईसमोर!”

सरांनी कपाळाला हात लावला. “हेमराज, अरे ती शिवी नाही. इंग्रजीत याच्याइतकं नम्र वाक्य सापडायचं नाही.”

“सर, तुम्ही त्यानं तोंड पाह्यं नही. तोंड कसं करीसन म्हनं ते दखतात ना, तर तुम्ही बी तक्रार देतात.”

दिलवरसिंग पेन थांबवून बसला. “सर, मग मी काय लिहू? सभ्य शब्द, असभ्य तोंडाने?”

“तसंच आहे ते,” गोपाल पुटपुटला. “तोंड मी केलं होतं.”

शेवटी दोघांना चहा पाजून, हात मिळवायला लावून घरी पाठवण्यात आलं. सर उठले तेव्हा दिलवरसिंगने हळूच विचारलं, “सर, यातलं एखादं वाक्य साहेबाला चालेल का? आमच्या काठीची होळी आली. रजा मागितली, साहेब नाही म्हणाले. नाही म्हटल्यावर काय म्हणायचं असतं इंग्रजीत?” सरांनी त्याला सगळ्यांत मऊ वाक्य दिलं. पुढे कळलं, की साहेबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि दिलवरसिंगला होळीच्या बंदोबस्तावर काठीलाच पाठवलं. अख्खं गाव रात्रभर ढोलावर नाचत होतं, आणि हा आपल्याच भावांना ‘मागे सरा, मागे सरा’ करत काठी घेऊन उभा होता. तरी खूश होता म्हणे. पाय बुटांच्या आत नाचवले.

चौकीतून सर पायी निघाले. बाजाराचा दिवस. रूपचंदच्या घरापाशी आले तर दारापुढच्या वट्ट्यावर, बाजेवर दगूबाई गोधडी घेऊन पडलेली. घरात उकडतं म्हणून ती कायम तिथेच पडायची. सर तिच्याकडे बघत उभे राहिले, तेवढ्यात एक जीप आली, टेकडीवर चढली आणि धाडकन आदळली. बाज हादरली. म्हातारी धडपडत उठून बसली.

“कोन उनं रे?”

तिला जीप ऐकूच येत नव्हती. फक्त हादरा बाजेच्या पायांतून वर यायचा, आणि तिला वाटायचं, कुणीतरी दार ठोकतंय. आज मात्र तिला खरंच समोर माणूस दिसला. तिचा सगळा चेहरा उजळला. “मास्तर उना! मंगला, चहा टाक वं! मी म्हनतच व्हतू, कोनी तरी उनं. दिनभर दार वाजस आनि कोनी मझार येत नही.”

रूपचंदची बायको मंगलाबाई बाहेर आली. तिने सरांकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेली.

सर बाजेच्या कडेला बसले. म्हातारी आडवी झाली. जीप आली. म्हातारी उठली, पदर सारखा केला, दाराकडे बघितलं, कुणी नाही म्हणून पुन्हा पडली. चहा येईपर्यंत हे कितीदा झालं, सरांना मोजवेना. दर वेळी ती पदर सारखा करायची, पाहुण्यासमोर नीट दिसावं म्हणून. ‘अरे, मन्ही माय वट्टावर झोपस’, रूपचंद म्हणाला होता. आणि आपण घंटी वाजवली होती.

तेवढ्यात रूपचंद दारात आला. सरांना पाहून तो थबकला, आणि मग खुर्चीकडे हात करून, अगदी हळू आवाजात म्हणाला, “प्लीज सिट, सर.”

सरांना कुणी आजवर इतकं लागेल असं बोललं नव्हतं. हेमराज, ओली पँट, फ्लेक्स, सगळं त्यापुढे फुलासारखं वाटलं.

“मग जा आणि सांगा त्याला, चुकलं म्हणून,” पार्वतीबाई घरी म्हणाल्या.

“सांगेन. पण सभेत. ठराव सभेत झालाय.”

“तुमचं सगळं सभेतच चुकतं,” त्या म्हणाल्या. पण जाताना त्यांनी सरांना धुतलेली नवी पँट काढून दिली, आणि पाण्याच्या जगापासून लांब बसा म्हणून सांगितलं.

सभेला सगळे आले. रूपचंद शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. सर उभे राहिले. सवयीने तोंडातून निघालं, “विथ ड्यू रिस्पेक्ट—”

“ओ सर, शिव्या नका देऊ!” हेमराज ओरडला. बाकीचेही गुरगुरले.

सरांनी वाक्य गिळलं.  इंग्रजीत सगळी दारं बंद झालेली, आणि मराठीत ‘माफ करा’ म्हणावं तर वर्गणी मागितल्यासारखं. “गतिरोधक... तो तिथून काढायचा,” ते एकदम म्हणाले. “माझ्या दारासमोर करा. मागचा ठराव माझ्यामुळे झाला, तो चूक होता.”

 मग शेवटच्या रांगेतून रूपचंद उठला. अगदी रीतसर. “सर, आय सी युवर पॉइंट, बट—”

आणि तिथे तो थांबला. बटच्या पुढचं वाक्य बाहेर येताना त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. सगळी शेड बघत होती.

“बट तुले अक्कल शे का नही रे मास्तर?” पत्रा थरथरला. “तुन्हं घर वळनवर शे, वळनवर! वळनवर कोनी गतिरोधक टाकस का? जीप उलटी तर शिधी तुन्हा देवघरमा घुसी! सकाळना पहारे वहिनी तठे तुळशीले पानी घालस, ते तुले दिसत नही? मी जिंदगीभर गाड्या सोडेल शेतस, तू माले शिकाडस?”

“मन्हं दार शे!” सर ओरडले. स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले, पण थांबले नाहीत. अध्यक्षाच्या खुर्चीतून सरांना कुणी अहिराणी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “मी मन्हा दारसे काहीबी टाकसू! तू कोन सांगनारा?”

“मी कोन? मी कोन म्हनस तू?”

“हां, कोन शेस तू? दुसरं काय विचारू? इतला दिन गुड मॉर्निंग करी ऱ्हायना, आज आठवनं का तुले मन्हं दार?”

“तू घंटी वाजाडी! मन्ही मायवर घंटी वाजाडी!”

“वाजाडी! चुकनं मन्हं! मग शिव्या दे ना, गुड मॉर्निंग कसाले करस?”

दोघं एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे होते, सरांचे डोळे वाहत होते आणि चष्मा घसरून ओठावर आला होता. लोकांना कळेना, सोडवायचं की नाही. गतिरोधक दुसऱ्याच्या दाराशी नको म्हणून भांडणारी माणसं कॉलनीने पहिल्यांदाच पाहिली होती.

या गोंधळात हेमराज विचार करत बसला होता. व्यापारी माणूस. तो हळूच म्हणाला, “मन्ही दुकानसमोर टाका. जीप हळू व्हई तर गिऱ्हाईक उतरी.”

“वा रे वा!” गोपाल उसळला. “म्हणजे वर्गणी सगळ्यांची आणि बिस्किटं याची?”

मग काय व्हायचं ते झालं. हेमराजच्या दुकानाचा ठराव मंजूर झाला तेव्हा तो कुणी मांडला आणि कुणी विरोध केला हे लिहायला वहीच सापडत नव्हती, आणि खुर्च्यांचं तर विचारू नका. सर आणि रूपचंदला ठरावाचा पत्ताच नव्हता. ते वळणावरून ब्रेक किती आधी लावावा या मुद्द्यावर पोचले होते आणि घराकडे चालले होते.

दुसऱ्या दिवशी गवंडी येईना. येतो म्हणाला आणि मोबाइल बंद करून बसला. तेव्हा रूपचंदने कुणाकडून तरी घण आणला, सरांनी पहार आणली, आणि दुपारी दोघं ती टेकडी फोडायला बसले. गोपालचं सिमेंट चांगल्या प्रतीचं निघालं. फुटेना.

“कडथून फोड!” रूपचंद ओरडला.

“मधून फोडतात! मधून भेग गेली की कडा आपोआप सुटते!”

“तुन्हं इंग्रजीनं व्याकरन शे का हाई, मधमाईन फोडाले?”

मंगलाबाई पदर खोचून वट्ट्यावर आली. “हळू बोला ना दोन्ही! माय आत्तेच आडी पडनी. किती दिनथून तिले धड झोप नही.”

दोघं एकदम गप्प झाले. चोरासारखे एकमेकांकडे बघायला लागले. घण हळू, पहार हळू. टुक. टुक. वट्ट्यावर गोधडीखाली म्हातारी निजलेली. रस्ता बंद म्हणून जीपही नाही. सगळ्या कॉलनीवर कशी छान शांतता.

बाज करकरली. दगूबाई घाबऱ्याघुबऱ्या उठून बसली होती.

“काय व्हयनं रे रूपा? चूप का बसनात सगळा? कोनी गयं का?”

“कोनी नही गयं, माय!” रूपचंद स्टँडवरच्या आवाजात म्हणाला. “हाऊ मास्तर पहार उलटी धरी ऱ्हायना!”

“उलटी नाही!” सर त्याच्यावर ओरडले. “बरोबर धरलीय! तू आयुष्यात शिट्टीशिवाय काही धरलंयस का?”

“आस्स,” म्हातारी म्हणाली. तिने गोधडी अंगावर ओढली, भिंतीकडे कूस वळवली, आणि पहारीवरून गोष्ट तोरणमाळच्या घाटातल्या वळणांवर जाईपर्यंत ती घोरायला लागली होती.